विश्लेषण : जिल्ह्याच्या सरासरीत मोखाडा का दिसत नाही? सामाजिक आकडेवारीचे नकाशे कसे बनतात, कुठे फसतात?

रखडलेली जनगणना आता होत आहे. १ मार्च २०२७ हा तिचा संदर्भ दिनांक आहे, नोंदणी मोबाइल अ‍ॅपवरून होणार आहे आणि स्वातंत्र्यानंतर प्रथमच सर्व जातींची मोजदाद तीत होणार आहे. आकडे बाहेर पडताच मोबाइलच्या पडद्यावर रंगीत नकाशांचा पूर येईल. कोणता जिल्हा गडद, कोणता फिकट, यावरून चर्चा झडतील, निधीच्या मागण्या होतील आणि आरक्षणाचे दावेही मांडले जातील. मात्र नकाशावर काय दिसेल हे बऱ्याच अंशी आकड्यांआधीच ठरलेले असते. सीमा कुठली घेतली, भागिले कशाने केले आणि रंगांचे गट कसे पाडले, यावर ते ठरते. ठाणे आणि पालघर या शेजारी जिल्ह्यांच्या आकड्यांवरून हे नीट समजते.

ठाण्याचा १४ टक्के हा आकडा खरा, तरी फसवा कसा?

२०११ च्या जनगणनेत ठाणे हा देशातील सर्वाधिक लोकसंख्येचा जिल्हा होता. एक कोटी दहा लाख लोक. त्यात अनुसूचित जमातींचे १५ लाख ४२ हजार, म्हणजे सुमारे १४ टक्के. राज्याची सरासरी सव्वानऊ टक्क्यांच्या आसपास आणि नंदुरबारचे प्रमाण ६९ टक्के. साहजिकच राज्याच्या नकाशावर ठाण्याला मधली, फारशी लक्ष न वेधणारी छटा मिळत असे.

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा झाला. त्याच २०११ च्या शिरगणतीचे आकडे नव्या सीमेने मोजले तर पालघरमध्ये अनुसूचित जमातींचे प्रमाण ३७ टक्के निघते आणि उरलेल्या ठाण्यात पाच टक्क्यांच्या थोडे वर. एकही माणूस जागचा हलला नाही, एकही नवी नोंद झाली नाही. फक्त नकाशावर एक रेघ ओढली गेली.

आणखी खाली, तालुक्यापर्यंत गेले की ३७ टक्केही विरघळतात. वसई तालुक्यात हे प्रमाण सुमारे ७ टक्के, पालघर तालुक्यात ३१, वाड्यात ५७, डहाणूत ६९ आणि तलासरी, जव्हार, विक्रमगड, मोखाडा या चार तालुक्यांत नव्वद टक्क्यांच्या आसपास किंवा वर. जिल्ह्याच्या २९ लाख ९० हजार लोकसंख्येतील १३ लाख ४३ हजार लोक एकट्या वसई तालुक्यात राहत होते. वर उल्लेख केलेले चार तालुके मिळूनही सव्वापाच लाख भरत नाहीत. त्यामुळे वसई-विरारची लोकल पकडणारी गर्दी आणि मोखाड्याचा पाडा यांची सरासरी काढली की जी संख्या हाती येते, तिचे वर्णन लागू पडेल असा एकही तालुका सापडत नाही. त्यातल्या त्यात जवळचा म्हणजे पालघर तालुका, तोही योगायोगाने.

याचा फटका कुठे बसतो?

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी परिसरातील बालमृत्यूंनी राज्य हादरले होते. तेव्हापासून ‘जव्हार-मोखाडा’ ही जोडी कुपोषणाच्या बातम्यांत वारंवार येत राहिली. पण बातमीत येणे निराळे आणि आकडेवारीत दिसणे निराळे.

कुपोषण मोजणारे देशातील प्रमुख सर्वेक्षण म्हणजे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण. त्याच्या तिसऱ्या फेरीपर्यंत आकडे राज्यापुरतेच मिळत. २०१५-१६ च्या चौथ्या फेरीत प्रथमच देशातील सगळ्या जिल्ह्यांचे आकडे आले. मात्र ते २०११ च्या जनगणनेतील ६४० जिल्ह्यांप्रमाणे. म्हणजे पालघर जिल्हा अस्तित्वात आल्यानंतर झालेल्या या सर्वेक्षणातही मोखाड्याची मुले ठाणे, कल्याण आणि नवी मुंबईतील मुलांच्या सरासरीत मिसळली गेली. पाचव्या फेरीत ७०७ जिल्हे घेतले गेले, तेव्हा पालघर वेगळा दिसू लागला.

त्याखाली मात्र हे सर्वेक्षण जाऊ शकत नाही. पाचव्या फेरीत देशभर सुमारे ६ लाख ३७ हजार कुटुंबांची माहिती घेतली गेली, म्हणजे जिल्ह्यामागे सरासरी नऊशे. ती पालघरच्या आठ तालुक्यांत वाटली तर प्रत्येकी शंभर-सव्वाशे कुटुंबे येतील, आणि त्यातही पाच वर्षांखालील मूल असलेली घरे कमी. इतक्या तुटपुंज्या नमुन्यावर तालुक्याचा निष्कर्ष काढणे शास्त्रीय ठरत नाही. जनगणनेत असे होत नाही, कारण तिथे प्रत्येकाची नोंद असते. म्हणूनच गाव आणि प्रभाग पातळीवर जाण्यासाठी संशोधकांची सारी भिस्त जनगणनेवर असते.

‘जीआयएस’ नेमके काय करते?

भौगोलिक माहिती प्रणाली म्हणजेच ‘जीआयएस’. तिचे मूळ काम साधे आहे. एकीकडे एक्सेलसारखा तक्ता असतो, ज्यात प्रत्येक गावापुढे लोकसंख्या, साक्षरता, कामगारांची संख्या असे रकाने असतात. दुसरीकडे त्याच गावांच्या सीमांची फाइल असते. सॉफ्टवेअर या दोहोंची गाठ मारते आणि तक्त्यातील ओळ नकाशावरच्या तुकड्याला चिकटवते. मग त्यावर रस्ते, शाळा, आरोग्य केंद्रे, जंगल असे एकावर एक थर चढवता येतात आणि कोणत्या थराखाली काय आहे, असा प्रश्न विचारता येतो. यासाठी पूर्वी महागडी सॉफ्टवेअर लागत. गॅरी शेरमन यांनी २००२ मध्ये सुरू केलेले ‘क्यूजीआयएस’ मोफत आहे आणि साध्या लॅपटॉपवर चालते. त्यामुळे समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांपासून लहान स्वयंसेवी संस्थांपर्यंत अनेक जण आज ते वापरतात.

वेळ खाणारा भाग म्हणजे ही गाठ मारणे. औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाले, उस्मानाबादचे धाराशिव, अहमदनगरचे अहिल्यानगर. जुन्या तक्त्यात जुने नाव आणि नव्या सीमाफाइलीत नवे नाव असले की सॉफ्टवेअरला ती दोन वेगळी ठिकाणे वाटतात आणि नकाशात आख्खा जिल्हा पांढरा राहतो. गावांचे तर विचारूच नये. बुद्रुक आणि खुर्द, एकाच तालुक्यात एकाच नावाची दोन गावे, इंग्रजी स्पेलिंगचे तीन-तीन प्रकार. यावर उपाय म्हणजे नावाऐवजी सांकेतिक क्रमांकाने जोडणी करणे. पण जनगणनेचा क्रमांक एक आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या सरकारी यादीतील क्रमांक दुसरा, त्यामुळे तिथेही मेळ घालत बसावे लागते. सीमाफाइल कुठून घेतली हेही पाहावे लागते. परदेशी संकेतस्थळांवरच्या अनेक फाइलींत जम्मू-काश्मीर आणि लडाखची सीमा भारताच्या अधिकृत नकाशाप्रमाणे नसते. तसा नकाशा प्रसिद्ध करणे हा आपल्याकडे कायद्याने गुन्हा आहे. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या प्रशासकीय सीमा आता ऑनलाइन मिळतात, तो मार्ग सुरक्षित.

ही कल्पना नवी आहे का?

मुळीच नाही. फ्रान्समध्ये शार्ल द्युपँ यांनी १८२६ मध्ये शिक्षणाच्या प्रसारानुसार प्रांतांना गडद-फिकट छटा दिल्या. अशा छटांच्या नकाशांत तो पहिला मानला जातो. लंडनमध्ये १८५४ च्या कॉलऱ्यात डॉ. जॉन स्नो यांनी मृत्यू झालेली घरे नकाशावर मांडून ब्रॉड स्ट्रीटवरच्या पाण्याच्या पंपाकडे बोट दाखवले. ही गोष्ट नेहमी ‘नकाशाने रोगाचे कारण शोधले’ अशी सांगितली जाते. प्रत्यक्षात स्नो यांचा दूषित पाण्यावर संशय आधीपासून होता आणि पंपाचा दांडा काढल्यानंतर तो नकाशा प्रसिद्ध झाला. इतरांना पटवून देण्यासाठी तो काढलेला होता.

चार्ल्स बूथ यांचा १८८९ चा लंडनच्या गरिबीचा नकाशा मात्र जास्त काही शिकवतो. त्यांनी रस्त्यारस्त्याला आर्थिक स्थितीनुसार रंग दिले. श्रीमंतांना पिवळा, तर सर्वांत तळच्या वस्तीला काळा. त्या काळ्या रंगाच्या वर्णनात गरिबीसोबत गुन्हेगारी आणि दुर्वर्तन हेही जोडलेले होते. घरोघरची माहिती अपार कष्टाने जमवलेली होती, पण रंगांच्या सूचीत त्या काळाचा पूर्वग्रह जसाच्या तसा उतरला.

तेच आकडे, दोन नकाशे कसे?

पालघरचेच आठ तालुके घेऊ. चार रंग वापरायचे ठरवले आणि ० ते २५, २५ ते ५०, ५० ते ७५, ७५ ते १०० असे समान अंतराचे गट पाडले, तर वसई एका रंगात, पालघर तालुका दुसऱ्यात, वाडा-डहाणू तिसऱ्यात आणि उरलेले चार सर्वांत गडद रंगात येतात. चित्र बरेचसे खरे आहे.

आता सॉफ्टवेअरमध्ये दुसरा पर्याय निवडला, प्रत्येक रंगात सारख्या संख्येने तालुके यावेत असा. मग ७ टक्क्यांची वसई आणि ३१ टक्क्यांचा पालघर एकाच रंगात जातात. उलट नव्वदीतल्या चार तालुक्यांत एक-दोन टक्क्यांचा फरक असूनही ते दोन वेगवेगळ्या रंगांत विभागले जातात. आकडा एकही खोटा नाही, पण वाचणाऱ्याला दोन नकाशांतून दोन जिल्हे दिसतात. हा बदल माऊसच्या एका क्लिकवर होतो आणि वर्तमानपत्रात छापलेल्या नकाशाखाली कोणता पर्याय निवडला हे क्वचितच लिहिलेले असते. लिहायला हवे.

संख्या दाखवायची की प्रमाण, हा त्याहून मोठा फरक. वसई तालुक्यात २०११ मध्ये ९५ हजारांहून अधिक आदिवासी होते, तर मोखाड्याची आदिवासी लोकसंख्या सुमारे ७७ हजार. नुसती संख्या रंगवली तर वसई मोखाड्यापेक्षा ‘जास्त आदिवासी’ दिसते. प्रमाण रंगवले तर मोखाडा जिल्ह्यात सर्वांत गडद तालुक्यांपैकी एक आणि वसई सर्वांत फिकट. दोन्ही नकाशांचा उपयोग आहे. आश्रमशाळेत किती जागा लागतील यासाठी संख्या हवी, तर कोणत्या तालुक्याची सगळी यंत्रणा आदिवासी भागाच्या निकषांवर चालवायची यासाठी प्रमाण. गोंधळ होतो तो एकाचा नकाशा दाखवून दुसऱ्याचा निष्कर्ष काढला की.

तिसरी अडचण क्षेत्रफळाची. डोळा मोठ्या तुकड्याला जास्त महत्त्व देतो. निवडणूक निकालांच्या नकाशात दोन लाखांहून कमी मतदारांचा लडाख पसरलेला दिसतो आणि चौदा लाखांहून अधिक मतदार असलेले मुंबईचे मतदारसंघ टाचणीच्या टोकाएवढे. त्यामुळे अनेक माध्यमे आता प्रत्येक मतदारसंघाला सारख्या आकाराचा षटकोन देतात. देशाचा आकार त्यात थोडा वेडावाकडा होतो, पण एक जागा एका जागेएवढीच दिसते.

भागाच्या आकड्यावरून माणसाविषयी बोलता येते का?

जपूनच. अमेरिकेतील समाजशास्त्रज्ञ विल्यम रॉबिन्सन यांनी १९५० मध्ये तिथल्या १९३० च्या जनगणनेतून एक विचित्र गोष्ट दाखवली. ज्या राज्यांत परदेशात जन्मलेले लोक जास्त, तिथे निरक्षरता कमी होती. त्यावरून स्थलांतरित जास्त शिकलेले असावेत असे वाटेल. व्यक्तींचे आकडे पाहिल्यावर उलटे निघाले. स्थलांतरितांत निरक्षरता किंचित जास्त होती, पण ते मुळात साक्षर राज्यांत जाऊन राहिले होते. स्टॅन ओपनशॉ आणि पीटर टेलर यांनी १९७९ मध्ये त्याही पुढचे दाखवले. आयोवा राज्यातील ९९ काउंट्या वेगवेगळ्या प्रकारे एकत्र करून त्यांनी वयोवृद्धांचे प्रमाण आणि रिपब्लिकन मते यांचा संबंध तपासला. गट कसे पाडले यावर तो संबंध जवळजवळ पूर्ण व्यस्तापासून जवळजवळ पूर्ण समप्रमाणापर्यंत कुठेही नेता येत होता.

जातनिहाय आकडे येतील तेव्हा हे विसरून चालणार नाही. ‘अमुक जात जास्त असलेल्या तालुक्यात उत्पन्न जास्त’ यावरून ‘अमुक जातीचे लोक श्रीमंत’ असे म्हणता येत नाही. त्या तालुक्यात साखर कारखाना असेल, धरणाचा कालवा असेल आणि त्याचा लाभ भलत्यालाच मिळत असेल.

आरोग्य केंद्र पाच किलोमीटरवर, पण कोणत्या पाच?

सरकारी निकषांप्रमाणे सपाट भागात ३० हजार आणि आदिवासी व डोंगराळ भागात २० हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे. निकष पूर्ण झाला की नाही हे तक्ता सांगतो, पण तिथे पोहोचता येते का हे सांगायला नकाशा लागतो. यात सोपी आणि सर्रास वापरली जाणारी पद्धत म्हणजे केंद्राभोवती पाच किलोमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढणे आणि आतली गावे ‘सेवा मिळालेली’ धरणे. सह्याद्रीच्या उतारावर ही पद्धत कुचकामी ठरते. वर्तुळ दरी ओलांडते, पण गरोदर बाईला ती ओलांडता येत नाही. रस्त्याने मोजलेले अंतर सरळ रेषेच्या दुप्पट-तिप्पट भरू शकते आणि पावसाळ्यात ओढ्याला पूर आला की त्यालाही अर्थ राहत नाही. ‘क्यूजीआयएस’मध्ये रस्त्यांच्या जाळ्यावरून अंतर काढण्याची सोय आहे. अट एवढीच की पाड्यापर्यंतचा रस्ता, पायवाट, साकव हे सारे नकाशात कुणी तरी भरलेले असावे लागते.

शहरांतही असेच आहे. पुण्यातील ‘शेल्टर असोसिएट्स’ ही १९९३ मध्ये स्थापन झालेली संस्था झोपडपट्ट्यांचे घरनिहाय नकाशे तयार करते. कोणत्या घरात शौचालय नाही आणि सांडपाण्याची वाहिनी कुठून जाते हे दोन थर एकमेकांवर ठेवले की कोणत्या गल्लीत घरोघरी शौचालय लगेच देता येईल आणि कुठे आधी वाहिनी टाकावी लागेल, हे समोर येते. वस्तीतील इतके टक्के घरांत शौचालय नाही, एवढ्या माहितीवर पालिकेच्या अभियंत्याला काम सुरू करता येत नाही.

नकाशात नसलेली माणसे कोण?

पावसाळा आणि भातकापणी संपली की जव्हार-मोखाड्यातील अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर कामाला जातात. वसई, भिवंडीच्या दिशेने गेलेली ही कुटुंबे परततात ती पुढच्या पावसाच्या तोंडावर. जनगणनेची प्रत्यक्ष शिरगणती फेब्रुवारीत होते, ऐन हंगामात. भट्टीवरच्या झोपडीपर्यंत प्रगणक पोहोचला तर ही माणसे भिवंडीच्या आकड्यात जातील, नाही पोहोचला तर कुठेच नाहीत. त्यांचे रेशनकार्ड, अंगणवाडीतील मुलाची नोंद आणि मतदार यादीतील नाव मात्र गावीच असते. लोक कुठे राहतात हे दाखवणारा प्रत्येक नकाशा खरे तर मोजणीच्या दिवशी ते कुठे सापडले एवढेच दाखवतो. ज्या गावांची लोकसंख्या फेब्रुवारीत ओसरते, तिथे हा फरक मोठा असतो.

मग जितका बारीक नकाशा तितका चांगला?

इथे मात्र थांबावे लागते. १९४१ मध्ये नाझींच्या ताब्यातील अ‍ॅमस्टरडॅमच्या पालिकेने शहरातील ज्यूंच्या वस्तीचा नकाशा तयार केला. एक ठिपका म्हणजे दहा ज्यू. आकडे नागरिकांनी स्वतः सरकारदरबारी दिलेल्या नोंदींतून आले होते.

आपल्याकडे जनगणना अधिनियम, १९४८ नुसार व्यक्तीची माहिती गोपनीय असते आणि ती न्यायालयातही पुरावा म्हणून वापरता येत नाही. पण नाव झाकले म्हणजे ओळख झाकली गेली असे होत नाही. तीनशे वस्तीच्या गावात एखाद्या जातीची दोनच घरे असतील, तर त्या जातीचा गावनिहाय आकडा म्हणजे त्या दोन घरांचा पत्ताच. प्रगणन गट साधारण सातशे-आठशे लोकसंख्येचा असतो, तिथेही हीच अडचण. अनेक देशांत अशा वेळी ठरावीक मर्यादेखालचा आकडा छापत नाहीत किंवा शेजारचे विभाग एकत्र करतात. जातीच्या आकड्यांबाबत हे पथ्य भारतातही पाळावे लागेल. लोकसंख्या, साक्षरता, घराचा प्रकार, पाण्याची सोय हे आकडे मात्र गाव आणि प्रभागापर्यंत खुले करण्यात असा धोका नाही. गोपनीयतेचे कारण पुढे करून तेही जिल्हा पातळीवर रोखले तर मोखाडा पुन्हा सरासरीत जाईल.

२०२७ च्या आकड्यांसोबत काय मिळायला हवे?

सीमांच्या फाइली, आणि त्याही आकड्यांसोबतच. २०११ च्या जनगणनेत सुमारे ६ लाख ४० हजार गावांचे मूलभूत तक्ते खुले झाले, पण त्यांच्या सीमा वापरण्याजोग्या रूपात सोबत आल्या नाहीत. संशोधकांनी, पत्रकारांनी आणि संस्थांनी आपापल्या परीने त्या जमवल्या आणि एकच काम अनेकदा केले गेले. या वेळी परिस्थिती बरी आहे. मोजणीच्या काळात सीमा हलू नयेत म्हणून ३१ डिसेंबर २०२५ नंतर जिल्हे, तालुके व गावांच्या हद्दी बदलू नयेत असे राज्यांना सांगण्यात आले. घरयादीचे गट संगणकीय नकाशावरच आखायचे आहेत. म्हणजे सीमा सरकारकडे तयार स्वरूपात असतील. प्रश्न उरतो तो त्या जनतेला देण्याचा.

त्यासोबत जुन्या-नव्या सीमांचा मेळ घालणारी यादीही हवी. २०२७ मध्ये पालघर प्रथमच स्वतंत्र जिल्हा म्हणून मोजला जाईल. सोळा वर्षांत तिथे काय बदलले हे पाहण्यासाठी २०११ च्या ठाण्याच्या तक्त्यातून आठ तालुके वेगळे काढून बेरीज करावी लागेल. विभाजन तालुक्यांच्या हद्दीवरून झाल्याने पालघरपुरते हे जमते. जिथे तालुकेच फुटले, काही गावे इकडे आणि काही तिकडे गेली, तिथे अशा यादीवाचून आधीच्या आकड्यांशी तुलनाच करता येणार नाही.